गळकं गॉथिक

पुण्यात देवाच्या घराबद्दल बाहेरून अंदाज बांधू नये. कॅम्पात लाल विटांची, टोकदार कमानींची, उंच घड्याळाच्या मनोऱ्याची एक इमारत आहे. नवखा माणूस छातीठोकपणे सांगतो, हे चर्च. रिक्षावाला सांगतो, लाल देऊळ. प्रत्यक्षात ते ज्यू लोकांचं सिनेगॉग. डेव्हिड ससून नावाच्या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने ते बांधायला घेतलं, १८६७ साली ते पुरं झालं, आणि ससूनसाहेबांची कबरही त्याच आवारात आहे. म्हणजे प्रार्थना हिब्रूत, थाट विलायती आणि पत्ता सांगायचा तो देवळाचा. कुणाचीही तक्रार नाही.

हा घोळ एकतर्फीही नाही. सातारा रस्त्याने नसरापूरच्या बनेश्वराला जा. महादेवाचं देऊळ, गर्द झाडी, गारवा, सगळं यथास्थित. आता मान वर करून घंटा बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर जी घंटा आहे ती १७०७ सालची, तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा घाट चढून वर आल्या. तेव्हापासून आमचे महादेव पोर्तुगीज घंटेने जागे होतात आणि त्यांची झोपमोड झाल्याचं ऐकिवात नाही.

पुढची गंमत अशी की वसईनंतर त्रेपन्न वर्षांनी, म्हणजे १७९२ साली, खुद्द सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत पुण्यात चर्चला जागा दिली गेली. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती होते, त्यांची रविवारची सोय नव्हती. म्हणून नाना पेठेत मातीच्या साध्या बांधणीचं एक चर्च उभं राहिलं. पुण्यातलं पहिलं कॅथलिक चर्च ते हेच, क्वार्टर गेटचं सिटी चर्च. आजची दगडी इमारत नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. जागा दिली, घंटा मात्र परत दिल्या नाहीत. पुणेकर देत नाही असं नाही, काय द्यायचं ते तो ठरवतो.

अशा या गावात माझ्या वडिलांनी मला सदाशिव पेठेतून उचलून कॅम्पातल्या एका कॅथलिक शाळेत घातलं. मी फाडफाड इंग्रजी बोलावं एवढाच हेतू. येशूशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. फादर आम्हाला बाटवतील अशी भीती पेठेत बऱ्याच जणांना वाटे. वस्तुस्थिती अशी होती की आमचं गणित तपासून फादर लोक इतके गांजलेले असत की आमच्या आत्म्यापर्यंत पोचायला त्यांना फुरसतच मिळत नसे. कॅथलिक मुलांचा कॅटेकिझमचा तास असे तेव्हा उरलेल्यांना 'मॉरल सायन्स' नावाचा विषय असे. खोटं बोलू नये, चोरी करू नये, रांग मोडू नये. पहिल्या दोन गोष्टी आम्हाला घरी सांगितलेल्या होत्या. तिसरी पूर्णपणे परकीय होती.

शाळेच्या आवारात चर्च होतं. अस्सल गॉथिक. दगड मात्र इथलाच, पुण्याचा काळा कातळ, जो वाड्यांच्या जोत्यालाही चाले आणि देवळाच्या पायरीलाही. छप्पर विलक्षण उतरतं, कारण ज्या देशातून नकाशा आला तिथे बर्फ पडे आणि ते घसरून खाली यावं लागे. पुण्यात शंभर वर्षं ते छप्पर तयारीत उभं होतं, बर्फ आला नाही. खिडक्यांना रंगीत काचा. त्याही मूळच्या अंधाऱ्या मुलखाच्या, जिथे मिळेल तो उजेड सजवून आत घ्यावा लागे. आमच्याकडे उन्हाचा तुटवडा नव्हता, त्यामुळे शाळेच्या सणाला सगळ्या मुलांना मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसवलं की साडेदहाच्या सुमारास एका संताचा हिरवा झगा सरकत सरकत फादरच्या टकलावर येई. पुढे जांभळा येई. आमच्या रांगेत त्यावर पैजा लागत. प्रवचन संपेपर्यंत टकलावर कुठला रंग असेल?

छत इतकं उंच की पंखे लांबच लांब दांड्यांना लटकवलेले असत. ते लावले की डोक्यावर वारा येण्याआधी दांडी हलायला लागे. मग खालच्या बाकांवरचे सगळे धर्मनिरपेक्षपणे प्रार्थना करीत. आवाज घुमे, त्यामुळे प्रवचन दोनदा ऐकू येई, एकदा फादरचं आणि एकदा भिंतीचं. भिंतीचं जरा हळू असे, म्हणून ते जास्त समजे.

दाराशी भिंतीत एक संगमरवरी वाटी होती आणि तीत पाणी. कॅथलिक मुलं तीत बोट बुडवून कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण करीत आणि आत जात. आमच्या तुकडीतल्या एका पेठी मुलाने पहिल्याच दिवशी उजव्या हाताची पळी केली, पाणी घेतलं, भक्तिभावाने प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. त्याच्या मागच्यांनी रांगेने तेच केलं. वाटी कोरडी झाली. दाराशी उभ्या असलेल्या ब्रदरना हे कसं हाताळावं ते सुचेना. आमच्यात श्रद्धा नव्हती असं त्यांना म्हणता येईना, कारण त्यांच्या मुलांपेक्षा ती जास्तच दिसत होती.

कन्फेशनच्या खोलीचा मात्र आम्हाला खरोखर हेवा वाटे. लाकडी खोकं, जाळी, जाळीपलीकडे फादर. आपण आत जायचं, केलेलं सांगायचं, तीन 'हेल मेरी' म्हणायच्या आणि मोकळं व्हायचं. पुन्हा त्या विषयाची वाच्यता नाही. आमच्या घरी ही सोय नव्हती. मी तिसरीत असताना श्रीखंडाच्या पातेल्यात बोट घातलं होतं. आईने ते माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं.

मैदानाच्या कोपऱ्यात लूर्दच्या मरियेचा ग्रोटो होता, म्हणजे दगडांची कृत्रिम गुहा आणि तीत निळ्या पट्ट्याची पांढरी मूर्ती. वर्षभर तिथे चिमण्या असत. मार्चमध्ये मात्र पेठेतली मुलं रांग लावीत. आधी तळ्यातला गणपती, मग जोगेश्वरी, मग हिच्यापुढे मेणबत्ती. बीजगणिताच्या पेपरला कुठलीही दारं बंद ठेवून चालत नाही. एकाने तर नारळ ठेवला. माळीबुवांनी दुपारी तो फोडून आम्हालाच खोबरं वाटलं, त्यामुळे प्रसादाचं चक्र आपोआप पुरं झालं.

हे सगळं मी घरी सांगत नसे, कारण घरी आजी होती. आजीच्या लेखी मी रोज पंचहौदला जात होतो. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन, तिथलं ते चर्च आणि शेजारी सुटा उभा असलेला घंटेचा मनोरा, ही तिच्या भूगोलातली ख्रिस्ती धर्माची राजधानी. १८९० साली तिथे व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी जमली होती, त्यांच्यापुढे चहाबिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर मंडळींची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आजीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण ती हे सगळं कप मोजल्याच्या खात्रीने सांगे.

एकदा मी तिला समजावलं, "आजी, पंचहौदवाले अँग्लिकन. आमचे फादर कॅथलिक. दोन्ही अगदी वेगळे."

"चहा वेगळा असतो का त्यांचा?" आजीने विचारलं.

माणूस चित्पावन आहे, देशस्थ आहे की कऱ्हाडा, हे आजी चपला काढायच्या पद्धतीवरून ओळखे. ख्रिस्ती धर्मातल्या चारशे वर्षांच्या भांडणात मात्र तिला रस नव्हता. शाळेतून आलं की कपडे बदलायचे, हातपाय धुवायचे आणि मगच स्वयंपाकघर. नाताळात वर्गमित्राच्या घरून ताट येई. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल आणि केक. नेवऱ्या पाहून आजी म्हणाली, "ही तर करंजी!" आणि ताट आत घेतलं. तिने केकचा तुकडा तोंडात टाकल्यावर मी घाबरून म्हटलं, "आजी, त्यात अंडं..."

"मी विचारलंय का?" आजी म्हणाली. "विचारलं नाही तर चालतं."

आता मूळ विषय. आम्ही शाळेत होतो त्याच काळात चर्चमधलं हे सगळं बदलायला लागलं होतं आणि त्याचं कारण पुण्यात नव्हतं, रोममध्ये होतं. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि तिने खिडक्या उघडल्या. लॅटिन जाऊन लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाला. आधी फादर वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे राहत, ते आता वेदीमागे जाऊन लोकांकडे बघू लागले. मास्तरांनी फळ्यावर लिहिता लिहिता एकदम वळून बघावं तशी पहिल्या बाकांची अवस्था झाली. इतकी वर्षं निवांत डुलकी घेणारे उघडे पडले. आमचे एक वयस्क गोवेकर शिक्षक म्हणत, लॅटिन गेलं आणि देवाचा दरारा गेला. आम्ही विचारलं, सर, तुम्हाला लॅटिन कळायचं? ते म्हणाले, कळत नव्हतं म्हणून तर.

पुढे १९६९ साली रोमने भारतातल्या बिशपांना बारा गोष्टींची परवानगी दिली. जमिनीवर बसून मिस्सा चालेल. गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकलेलं चालेल. चपला बाहेर काढाव्यात. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल, आरती चालेल. ही बारा कलमं आमच्या शाळेत पोचली ती युरोपातून आलेल्या एका फादरच्या हातात. सहा फूट उंच, तांबूस, शब्दकोशातून उचललेलं मराठी बोलणारे. एका दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. मी मनातल्या मनात गुन्हे आठवत गेलो.

"तुझ्या घरी नीरांजन असते काय?"

"असतं फादर. रोज."

"आरती उजवीकडून की डावीकडून?"

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी हवेत हात फिरवून बघितला. "घड्याळाच्या काट्यासारखी, फादर."

"का बरे?"

"आईला विचारून सांगतो."

आई म्हणाली, "ओवाळायचं असं. का म्हणून काय विचारायचंय त्यात?" पण फादरना वाती नीट येणार नाहीत अशी तिला खात्री होती. रात्री कापूस घेऊन बसली आणि डबाभर फुलवाती वळून दिल्या. दुसऱ्या दिवशी फादरनी त्यातली एक समईत, तेलात ठेवली. ती बुडाली. दुसरी ठेवली, तीही बुडाली. मी सांगितलं, "फादर, फुलवात नीरांजनात, तुपात. समईला लांब वात, तेलात, आणि टोक बाहेर." फादरनी खिशातली वही काढून हे टिपून घेतलं. माझ्या सबंध शालेय आयुष्यात माझं एखादं वाक्य लिहून घ्यावं असं कुणाला वाटलं असेल तर ते तेवढंच.

मग तो मिस्सा झाला. सतरंजी, समई, फुलं, फादरच्या खांद्यावर शाल. ज्या माणसाने आम्हाला पाच वर्षं बाकावर ताठ बसायला शिकवलं तो आता मांडी घालायला शिकत होता. मांडी काही जमेना. एक गुडघा खाली बसला की दुसरा वर येई, आणि वर आलेला इतका वर राही की त्यावर प्रार्थनेचं पुस्तक ठेवून वाचता येई. फादरनी तसंच वाचलं. आरती बरोबर घड्याळाच्या काट्यासारखी झाली. चपला बाहेर काढायचं कलमही आम्ही पाळलं होतं. बाहेर आलो तर एकाची नवी कोल्हापुरी गेली होती. फादर क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "आता विधी खरोखर भारतीय झाला."

हे पाहून माझ्या गोवेकर वर्गमित्राची आजी संतापली. तिचं म्हणणं, चारशे वर्षांपूर्वी आमच्या वाडवडिलांनी एवढा धर्म बदलला तो काय पुन्हा नीरांजन ओवाळायला? तिची आणि माझ्या आजीची कधी भेट झाली नाही. झाली असती तर दोघींचं उत्तम जमलं असतं. नेवरी आणि करंजी हा मधला मार्ग होताच.

ही अदलाबदल नुसती समई आणि सतरंजीपुरती नव्हती. आम्ही पेठेतली मुलं सकाळी दप्तर घेऊन कॅम्पात इंग्रजी गाणी म्हणायला जात होतो, आणि त्याच सुमारास मॅथ्यू लेदर्ले नावाचे जर्मन जेजुइट फादर शनिवार पेठेत 'स्नेहसदन' चालवत संतसाहित्याच्या अभ्यासात गढले होते. शाळेत मराठी बोललं की आम्हाला दंड होता. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ सालचं, मराठी ओव्यांमध्ये, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. पुढे पुण्याचे बिशप झालेल्या थॉमस डाबरे यांनी तुकारामावर डॉक्टरेट केली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचं मराठी ऐकलं की आम्ही माजी विद्यार्थी एकमेकांकडे बघत असू आणि इंग्रजीत म्हणत असू, किती सुंदर बोलतात.

माणसं बदलली तर भिंती किती दिवस तशाच राहणार? दादरला माझी मावशी राहते. तिचा पत्ता 'पोर्तुगीज चर्चसमोर'. लहानपणी त्या नावाने डोळ्यांपुढे दोन मनोरे यायचे. मोठेपणी पहिल्यांदा एकटा गेलो आणि चर्चसमोर उभा राहून चर्च शोधत होतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे चर्च उभं राहिलं होतं खरं, पण १९७०च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी ते नव्याने बांधलं. मनोरे नाहीत, टोकदार कमानी नाहीत. अंगणं, पडव्या, काँक्रीट, वरून येणारा उजेड, आणि काचेवर चित्र हुसेन यांचं. कोरिया स्वतः गोव्याकडच्या कॅथलिक घराण्यातले. त्यांनी हिशेब केला की मुंबईत घाम येतो, सबब वारा पाहिजे. पोर्तुगीज गेले, त्यांची इमारत गेली, बेस्टच्या कंडक्टरच्या तोंडी चर्च मात्र पोर्तुगीजच राहिलं.

पुण्यात एवढ्या कलात्मकतेने सगळं झालं नाही. एम्प्रेस गार्डनच्या बाजूचं सेंट पॅट्रिक कॅथीड्रल १८५० सालचं, छावणीतल्या आयरिश शिपायांसाठी बांधलेलं, म्हणून तर नाव आयर्लंडच्या संताचं. १९८०च्या दशकात त्याचं छत कोसळलं आणि नवं बांधावं लागलं. तिकडे गाव वाढत गेलं. नगर रोड, वडगाव शेरी, चिंचवड, हडपसर. कारखान्यांत, आयटीत, लष्करात माणसं आली. गोवेकर, मंगळूरकर, मल्याळी, तमिळ, आणि नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. एकाच चर्चमध्ये रविवारी सकाळपासून भाषा बदलत मिस्सा चालतात, आणि एका भाषेच्या गाड्या निघाल्याशिवाय दुसऱ्या भाषेला पार्किंग मिळत नाही.

या गर्दीला गॉथिक परवडत नाही. नवं चर्च म्हणजे आरसीसीचा हॉल, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतीला ग्रॅनाइट, पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे, गाण्यांचे शब्द दाखवायला प्रोजेक्टर, कोपऱ्यात सीसीटीव्ही. वेलंकनी माता जरीची साडी नेसून काचेच्या मखरात, पाठीमागे रंग बदलणारं तेजोवलय. प्रवचन एकदाच ऐकू येतं, स्पष्ट, डॉल्बीत. भिंतीला आता बोलायला वाव नाही. दार उघडं असलं आणि क्रूस दिसला नाही, तर माणूस अक्षता घेऊन आत जाईल आणि वधूवर कुठे आहेत म्हणून विचारील.

आमच्या शाळेच्या चर्चवरही ही पाळी आली. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो पडला. अर्ध्या भागातली जुनी फरशी उखडलेली आणि शेजारी टाइल्सच्या खोक्यांची थप्पी. ग्रुपवर वणवा पेटला. एरवी जिथे नुसती गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ असते तिथे 'हेरिटेज', 'संस्कृतीचा खून', 'आमचं बालपण उद्ध्वस्त' असे शब्द आले. एकाने न्यू जर्सीहून रडका चेहरा पाठवला. ऑनलाइन अर्ज तयार झाला. अंगावर काटा आणणारं इंग्रजी होतं त्यात. फादरांची मेहनत अगदीच वाया गेली नव्हती.

मी सह्यांची यादी वाचली आणि जरा गंमत वाटली. सही करणाऱ्यांत दर रविवारी तिथे जाणारा जवळजवळ कुणी नव्हता. सगळे जोशी, गोखले, देशपांडे, शहा. पहिली सही ज्याची, त्याचा नारायण पेठेतला वाडा. सागवानी खांब, चौक, हौद, मागे विहीर. तो त्याने पंधरा वर्षांपूर्वी बिल्डरला दिला, आणि वाढीव एफएसआय मिळाला म्हणून पेढे वाटले. दुसऱ्याने कोकणातलं कौलारू घर पाडून स्लॅब टाकला, कारण माकडं कौलं फोडतात. तिसरा राहतो त्या सोसायटीच्या दाराशी चार रोमन खांब आहेत, नाव इटालियन आहे आणि आत पहिल्या मजल्यावर सत्यनारायण. आमचंही तेच. आमच्या वाड्याच्या जागी आता सहा मजले आहेत, आणि त्यांना नाव मात्र 'वाडा'. आमचं बालपण आम्ही चौरस फुटांच्या भावाने विकून बसलो होतो. आता फादरनी ते सांभाळावं, विनामूल्य, आणि आम्ही नातवंडांना घेऊन आलो की दाखवावं, अशी अपेक्षा.

शिष्टमंडळ ठरलं. मलाही नेलं, फुलवातींच्या पूर्वपुण्याईवर. आताचे फादर चाळिशीतले, श्रीरामपूरकडचे, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत लहानाचे मोठे झालेले. त्यांनी आम्हाला चहा दिला. आम्ही सगळ्यांनी प्यायला, काळ बदलला आहे. मग आमच्यातल्या वक्त्याने गॉथिक वास्तुकलेवर दहा मिनिटं भाषण केलं. फादरनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही शेवटचं आत कधी बसला होता?"

वक्ते म्हणाले, "एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर."

"पावसाळ्यात?"

"छे, डिसेंबरात."

"जुलैत या. छप्पर बर्फासाठी उत्तम आहे, पावसाला सात ठिकाणी गळतं. पुढच्या बाकावर म्हाताऱ्या बायका छत्री उघडून बसतात. मागच्या वर्षी ओल्या फरशीवर एक आजी घसरल्या, खुबा मोडला. तुमच्या त्या लांब दांडीच्या पंख्यांतला एक परवा खाली आला. देवाची कृपा, वारच मंगळवार होता." मग हळूच म्हणाले, "दगड, कमानी, काचा, काही हलवत नाही हो. काचा उलट दुरुस्तीला पाठवल्यात. फरशी, छपराचं काम आणि पंखे, एवढंच. जुनी शहाबादी तशीच मिळाली तर मलाही हवीय. फरकाचे पैसे तुम्ही मंडळी द्या, मी उद्या टाइल्स परत करतो."

खोलीत जी शांतता पसरली तिला गॉथिक म्हणायला हरकत नव्हती.

वक्त्यांनी घड्याळ पाहिलं. शहांनी 'बघू, ग्रुपवर टाकतो' म्हटलं. ग्रुपवर टाकलं आणि ग्रुप पुन्हा गुलाबाच्या फुलांवर आला. न्यू जर्सीहून हात जोडलेले आले, ते प्रार्थनेचे की निरोपाचे हे कळलं नाही.

फादर मात्र श्रीरामपूरचे. आठवड्याने त्यांनीच ग्रुपवर निरोप धाडला. देणगीदारांची नावं संगमरवरी पाटीवर कोरण्यात येतील. पंखा देणाऱ्याचं नाव पंख्याच्या पात्यावर रंगवून मिळेल, स्मरणार्थ असल्यास तसं लिहावं. आणि बघता बघता आमच्या हेरिटेजवाद्यांचं मतपरिवर्तन झालं. संगमरवरावर आपलं नाव येणार म्हटल्यावर संगमरवर अस्सल वाटायला लागला. पहिल्या सहीवाल्याने अख्ख्या छपराचा खर्च विचारला. शहांनी दोन बाकं घेतली. न्यू जर्सीने डॉलर पाठवले आणि स्पेलिंग तपासून घ्या म्हणून तीनदा कळवलं. ओंकारेश्वराच्या मांडवात काय, पर्वतीच्या पायऱ्यांवर काय, पुणेकर देवापेक्षा पाटीपुढेच जास्त वेळ उभा राहतो, हे त्या श्रीरामपूरच्या फादरना बरोबर ठाऊक होतं.

फरशी शेवटी शहाबादीच झाली. मी एक पंखा दिला. पात्यावर रंगवून घेतलं, 'कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ, सदाशिव पेठ, पुणे ३०'. माझी धाकटी बहीण बघायला आली होती. वर बघून तिचा चेहरा उतरला. "अरे, जी आजी तुला शाळेतून आल्यावर अंगणात उभं करून कपडे बदलायला लावायची, तिचं नाव चर्चमध्ये? तिला चाललं असतं का हे?"

"विचारलंय कुणी?" मी म्हटलं.